परिचर्या शिक्षण आणि दिव्यांग विद्यार्थी : प्रवेशापासून वॉर्डापर्यंत

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव पेठ हे गाव औद्योगिक वसाहत, कापड उद्योग आणि औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे सर्वपरिचित आहे. या परिसरातील बारावी झालेल्या मुलींपुढे जे मोजके खात्रीचे मार्ग असतात, त्यांत परिचर्या अर्थात नर्सिंग हा एक होय. तीन-चार वर्षांचे शिक्षण, त्यानंतर सरकारी किंवा खासगी रुग्णालयातील नोकरी आणि गावात 'सिस्टर' म्हणून मिळणारा मान, हे गणित पालकांनाही पटते. मात्र याच मुलीच्या पायात जन्मतः व्यंग असेल, तिला कमी ऐकू येत असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल तर हे गणित एकाएकी अवघड होते. प्रवेश मिळेल काय, हा पहिला प्रश्न असतो आणि चर्चाही बहुधा तेथेच थांबते. प्रवेश मिळाल्यानंतर रुग्णशय्येशेजारचे तिचे शिक्षण कोणी आणि कसे करून घ्यावयाचे, हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असूनही त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

दिव्यांगांच्या प्रश्नाशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीजवळ तपोवनची स्थापना केली ती १९४६ साली. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना घर देणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग अस्तित्वात आला, त्यामागेही अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांच्या आंदोलनांचा मोठा वाटा होता. सरकारी कागदांतील 'अपंग' हा शब्द जाऊन तेथे 'दिव्यांग' आला, तोही याच काळात. शब्द बदलल्याने रुग्णालयाचा जिना चढणे सोपे होत नाही. परंतु जिन्याला पर्याय मागण्याचा हक्क आता कायद्यात आहे, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

दहा टक्क्यांची खिडकी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या व्यंगांचा समावेश होता आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखीव होत्या. या कायद्याची जागा 'दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६' या कायद्याने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, विशिष्ट अध्ययन अक्षमता, आम्लहल्ल्यातील पीडित अशा व्यक्तींचाही समावेश झाला. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळू लागली.

परिचर्या शिक्षणात मात्र ही व्यापकता दारातच अडते. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी केलेली सुधारित नियमावली २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झाली. या नियमावलीत दिव्यांगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण ते केवळ पायांच्या, म्हणजे कमरेखालील अवयवांच्या ४० ते ५० टक्के अस्थिव्यंगापुरते. उमेदवार या चौकटीत बसतो की नाही, हे ठरविण्यासाठी राज्याच्या वैद्यकीय मंडळाने प्राधिकृत केलेला वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचर्या तज्ज्ञ यांची समिती असते. आरक्षण ३ टक्के होते तेव्हाही चौकट हीच होती. कायद्यातील प्रकार सातांवरून एकवीस झाले, तरी परिचर्येतील खिडकी तेवढीच राहिली.

या खिडकीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या मुलीच्या पायाचे दिव्यांगत्व ३८ टक्के आहे, तिला आरक्षण नाही. ५२ टक्के असेल तरीही आरक्षण नाही. दोघींच्या मध्ये असलेल्या ४५ टक्क्यांच्या मुलीला ते आहे. कमी ऐकू येणाऱ्या, एका हाताची बोटे गमावलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या मुलीला टक्केवारी कितीही असली तरी या राखीव जागांवर हक्क सांगता येत नाही. ती खुल्या किंवा आपल्या सामाजिक प्रवर्गातून अर्ज करू शकते. परंतु तेथे 'उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असावा' अशी अट उभी असते. सक्षम म्हणजे नेमके कशासाठी सक्षम, हे ती अट सांगत नाही. परिणामी निर्णय बऱ्याचदा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या आणि महाविद्यालयाच्या समजुतीवर अवलंबून राहतो.

टक्केवारी ठरते तरी कशी? केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (त्या मार्च २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या) सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, उभे राहताना व चालताना राहणारा तोल यांचे मोजमाप करून एक आकडा काढला जातो. निवृत्तिवेतन, प्रवास सवलत, शिष्यवृत्ती यांसाठी असा आकडा उपयोगी आहेच. परंतु कॅलिपर घालून ती मुलगी सहा तासांची पाळी करू शकते काय, ट्रॉली ढकलू शकते काय, अचूक मात्रा भरू शकते काय, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. परिचर्येला नेमकी हीच उत्तरे हवी असतात.

न्यायालयांनी घेतलेली दिशा

सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा वैद्यकीय प्रवेशांच्या संदर्भात उचलून धरला आहे. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून अधिक असल्याने एमबीबीएससाठी अपात्र ठरविण्यात आले होते. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ टक्केवारीच्या आधारे कोणासही अपात्र ठरविता येणार नाही. तपासणी मंडळाने त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल काय, हे पाहिले पाहिजे आणि नकार द्यावयाचा असेल तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. त्याच महिन्यातील आणखी एका निकालात कार्यक्षमतेवर आधारित मूल्यमापनाचा आग्रह धरण्यात आला. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी तर 'दोन्ही हात शाबूत, संवेदनायुक्त व पुरेशा ताकदीचे असावेत' ही वैद्यकीय प्रवेशासाठीची अटच न्यायालयाने घटनेच्या भावनेशी विसंगत ठरविली. त्याआधी २०२२ साली पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळ्या विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांची दारे बंद होती. ती उघडण्याचा आदेशही याच न्यायालयाने दिला होता.

हे निकाल परिचर्या परिषदेच्या नियमावलीवरील नाहीत, हे लक्षात ठेवणे इष्ट. परंतु ज्या कायद्याच्या आधारे ते दिले गेले, तो कायदा नर्सिंग महाविद्यालयांनाही लागू आहे. जो विद्यार्थी डॉक्टर होऊ शकतो असे न्यायालय म्हणते, त्याला परिचारक होण्यास मात्र चौकट आडवी येते, ही विसंगती फार काळ टिकणारी दिसत नाही. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला आहे. त्याखाली होणाऱ्या नव्या नियमांत ४० ते ५० टक्क्यांची ही चौकट जशीच्या तशी उतरू नये, यासाठी परिचारिकांच्या संघटनांनी आणि दिव्यांग संघटनांनी एकत्र येऊन मागणी करण्यास वाव आहे. आजवर या दोन्ही चळवळी बहुतांशी आपापल्या वाटेने चालल्या.

वॉर्डातील शिक्षण

परिचर्येचे मोठे शिक्षण वर्गाबाहेर होते. नांदगाव पेठहून सकाळच्या एसटीने अमरावतीस येणारी विद्यार्थिनी 'इर्विन' किंवा 'डफरीन'मध्ये पोहोचते तेव्हा (जिल्हा सामान्य रुग्णालय आणि जिल्हा स्त्री रुग्णालय यांना लोक आजही याच जुन्या नावांनी ओळखतात) तिच्यापुढे कामांची साखळी असते. खाटा लावणे, तापमान-नाडी-श्वसनाची नोंद, रक्तदाब, इंजेक्शन, सलाइन, मलमपट्टी, स्पंज बाथ, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळविणे, डॉक्टरांचा राउंड आणि शेवटी पुढील पाळीला द्यावयाचा हँडओव्हर. दिव्यांग विद्यार्थिनीविषयीची शंका याच साखळीतील एखाद्या कडीवर बोट ठेवून व्यक्त केली जाते. ती शंका खोटी नसते. रुग्णाची सुरक्षितता हा परिचर्येचा पहिला नियम आहे आणि त्यात सवलत कोणीही मागू नये.

मात्र येथे एक फरक करणे अगत्याचे आहे. काम काय आहे आणि ते करण्याची रूढ पद्धत काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. 'रुग्णाचा रक्तदाब अचूक मोजणे' हे कौशल्य आहे; 'कानात स्टेथोस्कोप घालून ठोके ऐकणे' ही ते करण्याची एक पद्धत आहे. कौशल्य सोडता येत नाही, पद्धत बदलता येते. अभ्यासक्रमातील प्रत्येक प्रात्यक्षिकाला हा प्रश्न लावून पाहिला तर अनेक अडचणी वाटल्या त्याहून लहान निघतात. काही मात्र निघत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

पायाच्या व्यंगापासून आरंभ करू, कारण नियमावलीने दार उघडले आहे ते याच विद्यार्थ्यांना. पूर्वीच्या पिढीत पायाचे व्यंग म्हटले की पोलिओ आठवे. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधील. आज महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींत जन्मजात व्यंग, मेंदूचा पक्षाघात किंवा अपघात हीच कारणे मुख्यत्वे असतात. महामार्गालगतच्या गावांना यातील अपघाताची बाब वेगळी सांगावयास नको. अशा विद्यार्थिनीविषयी पहिला आक्षेप असतो तो रुग्ण उचलण्याचा. वास्तविक एकट्या परिचारिकेने रुग्ण उचलूच नये, हा धडा धडधाकट विद्यार्थ्यांनाही शिकवावयाचा असतो. दोघींनी मिळून, रुग्णाखालील आडव्या चादरीचा आधार घेऊन त्याला सरकविणे ही योग्य पद्धत होय, आणि त्यात डोक्याकडील बाजू सांभाळून हालचालीचा ताल देणारी व्यक्ती कॅलिपर घातलेली असली तरी बिघडत नाही. पाठदुखीने नोकरीच्या मध्यावर जायबंदी झालेल्या परिचारिका कमी नाहीत. ही पद्धत सर्वांनी पाळली असती तर त्यांतील काही जणी वाचल्या असत्या.

दुसरा आक्षेप हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचा, म्हणजे छातीवर दाब देण्याचा. खाटेशेजारी पायरीचे स्टूल ठेवून उंची साधता येते आणि तातडीच्या प्रसंगी वॉर्डात एकटी व्यक्ती काम करीत नसते. तिसरी बाब फार साधी, पण त्रासाची : गणवेशातील बुटांचा नियम. वैद्यकीय बूट घालणाऱ्या विद्यार्थिनीला 'सर्वांसारखेच बूट हवेत' असे सांगणे म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय. औषधे भरण्याच्या टेबलाशी उंच स्टूल, लिफ्ट नसेल तर पहिल्या सत्रात तळमजल्यावरील वॉर्ड, सलग लांब पाळीऐवजी मधल्या विश्रांतीसह पाळी यांसाठी मोठा खर्च येत नाही. सामुदायिक आरोग्याच्या नेमणुकीत मात्र विशेष विचार लागतो. कम्युनिटी बॅग खांद्याला लावून वस्तीवर घरोघर फिरणे हा या विषयाचा गाभा आहे; तो टाळू नये. घरांची संख्या कमी न करता त्या दिवशी वाहनाची सोय करणे किंवा उपकेंद्राजवळची घरे तिला देणे, हा मार्ग निघू शकतो.

कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. आवाज मोठा करणारा व ठोक्यांचा आलेख पडद्यावर दाखविणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आता बाजारात मिळतो. रक्तदाबासाठी डिजिटल यंत्र आहे. मॉनिटरच्या धोक्याच्या घंटेला दिव्याची जोड असते. खरी अडचण माणसांच्या बोलण्याची. २०२० च्या करोना साथीत मुखपट्टी आली आणि ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेणाऱ्यांचा आधारच गेला; पारदर्शक मुखपट्टीचे महत्त्व तेव्हा अनेकांच्या ध्यानी आले. फोनवरून दिलेल्या औषधाच्या सूचना ऐकू येणाऱ्यांकडूनही चुकतात, म्हणून त्या लिहून परत वाचून दाखवाव्यात असा नियमच आहे. हँडओव्हर लेखी व ठरावीक क्रमाने देण्याची शिस्त लावली तर तिचा लाभ संपूर्ण वॉर्डाला होतो.

हाताच्या व्यंगाचा प्रश्न सर्वांत कठीण. एका हाताने निर्जंतुक हातमोजे घालणे, सुई लावणे, शीर शोधणे यांना तंत्रे आहेत, सराव आहे. पण प्रत्येक वेळी ती साधतील असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कुष्ठरोगातून मुक्त झालेल्या व्यक्तीच्या बोटांत संवेदना नसेल तर बोटाने शीर चाचपणे अशक्य होते आणि निर्जंतुकीकरणाच्या गरम भांड्यांपासून स्वतःलाच इजा होण्याचा धोका राहतो. अशा वेळी प्रश्न असा उरतो की, पदवीधर परिचारिकेला प्रत्येक काम स्वतःच्या हातांनी आलेच पाहिजे काय? समुपदेशन, संसर्ग नियंत्रण, आरोग्यशिक्षण, नोंदींचे व्यवस्थापन, अध्यापन ही सारी परिचर्येचीच क्षेत्रे आहेत. परंतु शिक्षण एकच आणि नोंदणीही एकच, अशी आजची रचना आहे. त्यामुळे शेवटी काय करावयाचे यावरून नव्हे, तर मधल्या पायरीवर काय जमत नाही यावरून विद्यार्थी बाहेर पडतो. वर उल्लेखिलेल्या फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने वैद्यकशास्त्रापुरता हा प्रश्न खुला केला आहे. परिचर्येने तो स्वतःहून विचारात घेणे बरे.

अध्ययन अक्षमता वरून दिसत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. 'डोपामीन' आणि 'डोब्युटामीन' यांसारखी सारखी दिसणारी औषधांची नावे, दशांश चिन्हाची जागा, थेंबांच्या गतीचे गणित, या ठिकाणी चूक जिवावर बेतू शकते. अशा विद्यार्थ्याला 'निष्काळजी' म्हणून रागावण्याऐवजी गणकयंत्र वापरू देणे, मात्रा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची सवय लावणे, नावांतील वेगळा भाग ठळक लिहिणे हे उपाय करावेत. मात्रेची दुहेरी तपासणी धोक्याच्या औषधांबाबत सर्वांनीच करावयाची असते.

सिकलसेल आणि हजेरीचा पेच

वऱ्हाड-विदर्भात एका गोष्टीचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार येथील आदिवासी आणि अनुसूचित जातींतील समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. परिचर्या अभ्यासक्रमात सिकलसेल शिकविला जातो, मोहिमेच्या शिबिरांत विद्यार्थिनी काम करतात. पण वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीलाच हा आजार असू शकतो, हा विचार क्वचितच होतो.

या आजारात तहान, थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणजे पाणी पिण्यास पाळीत वेळ मिळणे, वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात गरम कपड्यांची मुभा असणे, सलग रात्रपाळ्या टाळणे ही तिची वैद्यकीय गरज ठरते. खरा पेच हजेरीचा आहे. परीक्षेस बसण्यासाठी सिद्धांत व प्रात्यक्षिक या दोहोंत ८० टक्के हजेरी आवश्यक असते आणि पदवी मिळण्यापूर्वी रुग्णालयीन प्रशिक्षणाचे शंभर टक्के तास भरून द्यावे लागतात. तास भरून घेणे रास्तच आहे. अपुऱ्या प्रशिक्षणाची परिचारिका कोणासही नको. परंतु ते केव्हा व कसे भरावयाचे, हे आधी ठरलेले नसते. झटक्यात दहा दिवस गेलेल्या मुलीकडून सुट्टीत सलग दुहेरी पाळ्या करून घेतल्या की ती पुन्हा आजारी पडते आणि चक्र सुरू राहते. सत्राच्या आरंभीच भरपाईचे दिवस विखुरलेले ठेवून लेखी वेळापत्रक केले तर नियमही पाळला जातो आणि विद्यार्थिनीही टिकते.

लपविलेले व्यंग

नकाराच्या भीतीने विद्यार्थी व्यंग लपवितात, ही या सर्व प्रकरणातील सर्वांत धोक्याची बाब होय. श्रवणयंत्र केसांखाली झाकून मुलाखतीस येणारी मुलगी पुढे वॉर्डातही ते झाकते. ऐकू न आलेली सूचना 'हो सिस्टर' म्हणून स्वीकारते. अपस्माराची गोळी चोरून घेतली जाते आणि जागरणाने झटका येतो तेव्हा कोणालाच काही ठाऊक नसते. उघड केलेल्या व्यंगाला उपाय करता येतो. झाकलेले व्यंग रुग्णालाही महागात पडू शकते. म्हणून 'सांगितले तर काढून टाकतील' ही धास्ती घालविणे हा रुग्णसुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

यासाठी पहिल्याच आठवड्यात विद्यार्थिनी, तिची पाठ्यनिर्देशिका आणि ज्या वॉर्डात नेमणूक होणार तेथील परिसेविका यांनी एकत्र बसून एक पानाचा आराखडा करावा. कोणती कामे नेहमीप्रमाणे, कोणती वेगळ्या पद्धतीने, कोणत्या वेळी मदत मागावयाची आणि कोणाकडे, एवढे त्यात असले तरी पुरते. निदान काय आहे, हे सर्वांना सांगण्याची गरज नाही. विद्यार्थिनीची संमती असेल तेवढेच सांगावे. परिषदेच्या निकषांनुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो, त्यामुळे अशा आराखड्यासाठी एक तास काढणे अशक्य नाही. प्रत्येक नेमणूक संपल्यावर तो पुन्हा पाहावा, कारण बालरुग्ण विभागात जमलेली रीत शस्त्रक्रियागृहात जमेलच असे नाही. रुग्णांचे नातेवाईक कधी 'ही लंगडी सिस्टर नको' असे म्हणतात. अशा वेळी परिसेविका कोणाच्या बाजूने उभी राहते, यावर त्या मुलीचे पुढील तीन वर्षांचे शिक्षण अवलंबून असते. दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या कायद्यानुसार कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

अन्य देशांचा अनुभव

हा वाद केवळ आपल्याकडील नाही. अमेरिकेत कमी ऐकू येणाऱ्या एका विद्यार्थिनीला नर्सिंगचा प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा १९७९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयाची बाजू घेतली होती. १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानंतर तेथे वातावरण बदलत गेले आणि श्रवणबाधित डॉक्टर-परिचारिकांनी २००० साली स्वतःची संघटना स्थापन केली. ब्रिटनमध्ये तेथील दिव्यांग हक्क आयोगाने २००७ साली परिचर्या, अध्यापन आणि समाजकार्य या व्यवसायांतील आरोग्य-पात्रतेच्या अटींची चौकशी केली. अशा सरसकट अटींनी लोकांचे रक्षण होत नाही, उलट व्यंग लपविण्यास उत्तेजन मिळते, असा निष्कर्ष काढून त्या रद्द करण्याची शिफारस केली. जिच्या जन्मदिनी, १२ मे रोजी, जगभर परिचारिका दिन साजरा होतो त्या फ्लोरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाहून परतल्यानंतरच्या आयुष्यातील कित्येक वर्षे आजारपणात, बहुतांशी अंथरुणावरून काम करीत घालविली. १८६० साली तिच्या प्रेरणेने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले, ते याच काळात. आजच्या वैद्यकीय तपासणीत ती उत्तीर्ण झाली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परीक्षा, प्रवास आणि तक्रार

लेखी परीक्षेत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यास अडचण असणाऱ्या विद्यार्थ्यास लेखनिक घेता येतो व तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी पण लिहिण्यास अडचण असेल, तर त्यांच्यासाठीही २०२२ पासून अशी तरतूद आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता प्रवेशानंतर लगेच करणे श्रेयस्कर. प्रात्यक्षिक परीक्षेचे तसे नाही. तेथे बाहेरून आलेले परीक्षक विद्यार्थिनीला प्रथमच पाहतात, म्हणून ती वर्षभर ज्या उपकरणाने शिकली तेच वापरू दिले जावे, असे महाविद्यालयाने त्यांना आधी लेखी कळविणे अगत्याचे ठरते.

प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना एसटीच्या प्रवासात ७५ टक्के सवलत आहे. नांदगाव पेठहून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. श्रवणयंत्र, कॅलिपर किंवा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप यांची मागणी या निधीतून करता येईल. ग्रामसभेत तसा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना ५ टक्के आरक्षणाचे कलम लागू होत नाही, असा समज आहे आणि तो कलमाच्या शब्दांना धरून आहे. परंतु शासनाने केवळ मान्यता दिलेल्या संस्थांनीही भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम ठेवावी आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात म्हटले आहे. वराहमिहिरी भाषेतील कलमे कोणी वाचत नाही, ही अडचण आहे खरी; म्हणून अर्जात कलमाचा क्रमांक लिहावा. प्राचार्यांकडे दिलेल्या लेखी अर्जास उत्तर न मिळाल्यास पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार दाखल करता येते. तक्रारीसोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, नाकारलेल्या प्रवेशाचे वा सोयीचे पत्र आणि आधी केलेल्या अर्जाची पोच जोडावी. नकार तोंडी दिला गेला असेल, तर त्याच दिवशी तारीख-वेळ नोंदवून महाविद्यालयास पत्र पाठवावे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवावी.